होला पावणं

‘होला पावणं’मध्ये शनिवारचं टेबल मिळायला अनुजाला तीन आठवडे लागले. नागाळा पार्कात हे मेक्सिकन हॉटेल निघून आठ महिने झाले होते आणि निम्म्या कोल्हापुरानं तिथं जाऊन फोटो काढून घेतले होते. अनुजाला फोटोसाठी जायचं नव्हतं. तिचे वडील, धैर्यशील, चार वर्षं मेक्सिकोत राहून आले होते. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणी तिला म्हणायच्या, तुझ्या पप्पांना एकदा तिथं ने आणि विचार, हे खरं हाय का आपल्याला नुसतं गंडवायलेत.

धैर्यशीलला जायचं नव्हतं. “कशाला उगंच? तिथलं काय इथं मिळत न्हाय,” असं तो दोनदा म्हणाला. पण लेकीचा पहिला पगार झाला होता आणि ती हट्टाला पेटली होती, म्हणून तिसऱ्यांदा तो तयार झाला.

अनुजाच्या आईला, संयोगिताला, मात्र जायचं होतं. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

धैर्यशील शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीचा इनचार्ज होता. कंपनीनं मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात गोदाम आणि मशिनिंगचं छोटं युनिट काढलं, तेव्हा त्याला दोन वर्षांसाठी तिकडं पाठवलं. २०१९ची दिवाळी करून तो गेला. चार महिन्यांत कोविड आला, विमानं बंद झाली. त्या पावसाळ्यात त्याची आई न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ती अंथरुणाला लागली ती पुन्हा उठलीच नाही. संयोगिता सासूला आत्ती म्हणायची. आत्तीचं सगळं तिनंच केलं. कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, भांडं द्यायचं, भात मऊ कालवून भरवायचा. मुलींच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती सतरा वर्षं कामाला होती. ती नोकरी तिनं आत्तीसाठी सोडली. पुढच्या मे महिन्यात आत्ती गेल्या. अग्नी पुतण्यानं दिला. धैर्यशीलनं ते सगळं फोनवर पाहिलं.

त्या चार वर्षांत रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन यायचा. तिकडं तेव्हा सकाळ असायची, तो कामावर निघायच्या तयारीत असायचा. रविवारी फोन येत नसे. आठवड्यातनं एक दिवस जरा उशिरापर्यंत झोपतो, असं त्यानं सांगितलं होतं आणि तिला ते पटलं होतं. बोलणं पाच-सात मिनिटांचं. आत्तीचा ताप, अनुजाची बारावी, पाण्याची मोटर. मग ती विचारायची, “जेवणाखाण्याचं काय करतासा?”

“असतंय की. मेसचं काहीतरी.”

“चांगलं असतंय?”

“पोट भरतंय.”

परत येऊन त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं. तिकडचं तो काही सांगत नसे. फोनमध्ये फोटो होते ते कास्टिंगचे, मशीनचे, हेल्मेट घातलेल्या माणसांचे. ती चार वर्षं त्यानं कशी काढली, सकाळी काय खाल्लं, संध्याकाळी कुठं बसला, हे तिला काही ठाऊक नव्हतं. आपण इथं आत्तीचं अंथरूण धूत होतो तेव्हा आपला नवरा परक्या मुलखात मेसचं ताट पुढ्यात घेऊन एकटा बसला असेल, असं चित्र तिनं मनाशी धरलं होतं. त्या ताटातली निदान चव तरी आपल्याला कळावी, एवढंच तिला वाटत होतं. म्हणून तिनं त्या शनिवारी आजऱ्याच्या भावानं दिलेली जांभळी साडी काढली, आणि बऱ्याच दिवसांनी केसांत गजरा माळला.

हॉटेलच्या दारात फुटपाथवर वीस-पंचवीस माणसं उभी होती. आत भिंतीवर मोठ्या काठाची गवती टोपी टांगली होती आणि तिच्याखाली उभं राहून फोटो काढून घ्यायला वेगळी रांग होती. दारातला पोरगा प्रत्येकाला “होला पावणं, या की” म्हणत होता.

“होला न्हाय, ओला,” धैर्यशील पुटपुटला. “म्हणजे नमस्कार. एच म्हणत न्हाईत.”

अनुजाला ते ऐकून फार आनंद झाला. “बघ आई, सुरुवात झाली.”

टेबल बुक असूनही पाऊण तास उभं राहावं लागलं. मग स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल मिळालं. वेटर येता-जाता संयोगिताच्या खुर्चीला धक्का मारत होते आणि गाणं एवढ्या मोठ्यानं लावलं होतं की बोलताना पुढं वाकावं लागत होतं. सगळं अनुजानंच मागवलं. नाचोज, तांबड्या रश्श्यातल्या मटणाचे टाको, राजम्याचा बरिटो, आणि मेक्सिकन राईस.

पहिल्यांदा नाचोज आले. पिवळ्या चिजाखाली ते मऊ पडून गेले होते. सोबतची लाल चटणी गोड लागत होती, बाटलीतल्या सॉसला कांदा-लसणाचं तिखट लावल्यासारखी. टाको म्हणजे शेवपुरीच्या पुरीसारखी कडक, वाकवलेली एक पारी होती. धैर्यशीलनं ती तोंडाशी नेली तशी ती मधोमध मोडली आणि रस्सा त्याच्या मनगटावरून बाहीत गेला. भातात मक्याचे दाणे होते आणि तो गार होता. बरिटो कापला तर राजमा आतून कच्चा.

संयोगितानं दोन-तीन घास खाल्ले. ती वाट बघत होती, पण काहीच लागेना. सणाच्या पंगतीला उरलेलं सगळं एकत्र करून दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकावं तसं ते होतं. “असंच असतंय होय तिकडं?” तिनं विचारलं.

“ह्याच्याशी काय संबंध न्हाय त्याचा,” धैर्यशील म्हणाला. बाही पुसता पुसता तो चिडला होता. “हे तोर्तिया न्हाय, तिथली मक्याची पोळी मऊ असते. हा तळलेला पापड हाय.”

“मग खरं कसं असतं? सांगा की पप्पा,” अनुजा म्हणाली. “पैसे घालवलेत, निदान माहिती तरी मिळू दे.”

तो आधी नको नको म्हणाला. मग त्यानं ती मोडकी पारी ताटलीच्या कडेला सरकवली आणि सांगायला लागला.

“पहिली गोष्ट, पीठ असं पुड्यातलं न्हाय वापरायचं. मका आणायचा, पांढरा. आदल्या दिवशी संध्याकाळी चुन्याच्या पाण्यात उकळायचा. चुना लई न्हाय, किलोला एवढा,” त्यानं चमच्याचं टोक दाखवलं. “नखानं दाबला तर साल सुटली पाहिजे, तेवढाच शिजवायचा. मग गॅस बंद करून रातभर तसाच ठेवायचा. सकाळी चोळून चोळून धुवायचा. सालपटं पाण्यावर येत्यात, ती काढून टाकायची. मग चक्कीवर न्यायचा. आपल्या गिरणीगतच, पण ओला दळत्यात. सातच्या आत नंबर लावला न्हाय तर तासभर रांगेत. त्या पिठाला काय म्हणत्यात सांगू? मासा.”

“मासा?” अनुजा हसायला लागली.

“मासा. पहिल्यांदा मलाबी हसू आलतं.” तोही हसला. संयोगितानं त्याला असं हसताना परत आल्यापासून पाहिलं नव्हतं. “गोळा करायचा लिंबाएवढा. दाबायला लाकडी यंत्र असतंय, पण हातावरबी करत्यात. हे असं.” त्यानं दोन्ही तळवे समोर धरले आणि नसलेली पोळी या हातावरून त्या हातावर टाकून दाखवली. हात भरभर आणि हलके चालले होते. “तव्यावर तीनदा उलटायची. तिसऱ्यांदा मधोमध बोटानं जरा दाबायचं. जमली असंल तर टुम्म फुगते. पहिली कधीच नीट होत न्हाय, तवा तापायचा असतोय. ती मोडकी मग मीठ लावून तिथंच उभ्या उभ्या खायची. खरं सांगू, सगळ्यात चांगली तीच लागते.”

संयोगिता त्याच्या हातांकडं बघत होती. पंचवीस वर्षं ती रोज ज्वारीची भाकरी थापत होती. कुठली पहिली आणि कुठली शेवटची, हे त्याला कधी माहीत नव्हतं. तो कधी चुलीपाशी उभाच राहिला नव्हता. जेवताना टीव्ही बघायचा, ताट जागेवर ठेवून उठायचा. चांगलं झालंय म्हणायचा नाही की वाईट झालंय म्हणायचा नाही. काही पुरुष तसे असतात, त्यांना खाण्यातलं कळत नाही, असं ती माहेरी सांगायची, थोड्या कौतुकानंच.

“एवढं सगळं तो मेसवाला करायचा?” अनुजानं विचारलं.

“मेसवाला कुठला? घरात करायचो की आम्ही, दर रविवारी.”

म्हणून झाल्यावर त्यानं पाण्याचा ग्लास उचलला. ग्लास रिकामा होता. तरी तो त्यानं तोंडाला लावला.

संयोगिता पुढं वाकली. गाण्यामुळं तिला जरा मोठ्यानं बोलावं लागलं. “आम्ही म्हणजे कोण?”

“आम्ही म्हणजे… घरमालकीण होती. तिच्याच घरात वर खोली होती माझी. बाकीचीपण असायची कधीमधी.”

“कंपनीचा फ्लॅट होता न्हवं तुम्हाला?”

“पहिले आठ-नऊ म्हयने. मग सोडला.”

“नाव काय तिचं?”

“कुणाचं?”

“घरमालकिणीचं.”

त्यानं बाही पुन्हा एकदा पुसली. मग म्हणाला, “रोसाल्बा.”

परक्या भाषेतलं ते नाव त्यानं फार सहज उच्चारलं. अनुजा अजून हसऱ्या चेहऱ्यानंच दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. मग तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिनं काटा उचलला आणि गार भात इकडून तिकडं ढकलायला लागली.

कुणी काही बोलायच्या आत हॉटेलचा मालक टेबलाशी आला. अमरसिंह त्याचं नाव. तिशीचा, जिममधला पोरगा, काळ्या टी-शर्टवर हॉटेलचं नाव. अनुजानं बुकिंग करतानाच त्याला सांगून ठेवलं होतं की वडील मेक्सिकोत होते. त्यानं वाकून धैर्यशीलच्या पायाला हात लावला.

“काका, तुम्ही आलासा, आमचं भाग्य. ताई म्हणाल्या, चार वर्षं तिकडं होतासा. कसं वाटलं?”

“चांगलंय,” धैर्यशील म्हणाला.

“मग दोन शब्द बोला की. रील करूया. खरा मेक्सिकोतला माणूस काय म्हणतोय ते लोकांना कळू दे.” त्यानं मागं बघून बोट हलवलं. एक मुलगी फोन आणि गोल दिवा घेऊन आली. दिवा लागला. संयोगिताला काही सुचायच्या आत ती त्या उजेडात होती.

धैर्यशीलनं केसांवरून हात फिरवला, खुर्चीत सरळ बसला आणि फोनकडं बघून बोलायला लागला.

“नमस्कार. मी चार वर्षं मेक्सिकोत, केरेतारोला होतो. तिथं मी बरंच खाल्लं. पण खरं सांगतो, आज इथं कोल्हापुरात बसून तीच चव मिळाली. अगदी तिथल्यागत. माझी मिसेस आणि मुलगीपण खूश हायत. सगळ्यांनी एकदा तरी या.”

कुठं अडखळला नाही. डोळा हलला नाही. शेवटी त्यानं एक हात संयोगिताच्या खांद्यामागं खुर्चीच्या पाठीवर ठेवला. पाच मिनिटांपूर्वी याच माणसानं ताटली सरकवून दिली होती. बाहीवरचा डाग अजून ओला होता.

संयोगिताला तो चेहरा ओळखीचा वाटला. चार वर्षं रोज संध्याकाळी सातला फोनच्या काचेत तिनं हाच चेहरा पाहिला होता. हाच सपाट, समजूतदार आवाज. असतंय की, मेसचं काहीतरी. रोसाल्बाचं नाव ऐकून तिला शंका आली होती. हे ऐकल्यावर तिला शंका उरली नाही.

अमरसिंहनं खूश होऊन वरून कॅरमल घातलेला गोड पदार्थ फुकट पाठवला. तो कुणी खाल्ला नाही.

गाडीत अनुजा मागं बसली. दसरा चौकात गाडी सिग्नलला थांबली. संयोगिता म्हणाली, “रविवारी झोपत होतासा न्हवं उशिरापर्यंत?”

“आता घरात जाऊन बोलूया. पोरगी हाय मागं.”

“पोरीनंच नेलंय आपल्याला. तिलापण कळू दे.”

“तसलं काय न्हवतं.”

“कसलं न्हवतं?”

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. त्यानं गाडी पुढं काढली, पण फार लांब नेली नाही. एका बंद दुकानापुढं थांबवली आणि इंजिन बंद केलं.

“एकटा होतो,” तो म्हणाला. “तिथं माणूस न्हाय, भाषा न्हाय, सगळं बंद. मी आजारी पडलो तवा तिनं केलं माझं. कोण बघणार होतं मला तिथं?”

“तुम्ही आजारी होतासा हे तरी कुठं सांगितलंसा मला?”

“तुला काय सांगणार? तुझ्यामागं आईचं.”

“कधीपास्नं?”

तिनं मनातल्या मनात महिने मोजले. फ्लॅट पहिल्या वर्षीच सोडला होता. म्हणजे आत्ती पडल्या त्याच्या आगंमागंच.

“आत्ती गेल्या तवा तिथंच होतासा?”

“हां.”

“फोन चालू होता. तुमचा चेहरा दिसत न्हवता. नेटवर्क न्हाय म्हणालासा. मागनं बाईमाणसाचा आवाज आलता. मी विचारलं, तर टीव्ही म्हणालासा.”

धैर्यशीलनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. “ती पण रडली त्या दिवशी,” तो म्हणाला. “आईला बघितलंबी न्हवतं तिनं, तरी रडली. तिच्या देवापुढं मेणबत्ती लावली आईसाठी. नऊ दिवस लावत होती. वाईट बाई न्हाय ती.”

हे ऐकून तिला बरं वाटेल, असं त्याला खरोखरच वाटत होतं. ते त्याच्या आवाजावरून कळत होतं. संयोगिताला त्या दिवशीची दुपार आठवली. कोविडमुळं शेजारची कुणी बाई घरात यायला तयार नव्हती. आत्तीला तिनं एकटीनं अंघोळ घातली होती. पाठीवरच्या जखमा धुताना हात जपून फिरवला होता, दुखेल म्हणून, आणि मग आठवलं होतं की आता दुखणार नाही. आणि तेव्हा दुसऱ्या टोकाला एक बाई तिच्या नवऱ्याच्या आईसाठी मेणबत्ती लावत होती आणि त्याच्या मनात ते दोन्ही सारखंच होतं.

“मुदत कंपनीनं वाढवली का तुम्ही मागून घेतलीसा?”

“पहिल्यांदा कंपनीनं.”

“दुसऱ्यांदा?”

“मी मागितली.”

मागच्या सीटवर अनुजानं खिडकीची काच खाली केली. बाहेरून वडापावच्या गाडीवरच्या तेलाचा वास आला.

“मग परत कशाला आलासा?” संयोगितानं विचारलं.

त्यानं वरचा आरसा उगीच सरळ केला. ती म्हणाली, “गाडी चालू करा. मला भूक लागलीय.”

घरी जाऊन तिनं सकाळचा भात आणि आमटी गरम केली आणि एकटीच स्वयंपाकघरात बसून जेवली. त्याचं अंथरूण तिनं आत्तीच्या खोलीत घातलं. तो उशी घेऊन तिकडं गेला.

अनुजा तिच्यापाशी येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. “आई, मी नेलंच नसतं तर बरं झालं असतं.”

“तुला काय माहीत होतं?”

“आई,” ती जरा थांबून म्हणाली, “पप्पा चुकले. पण माणूस चार वर्षं एकटा राहिला की असं होतं गं. तो काळच तसा होता. आता तर ते आलेत ना परत? सगळं सोडून आलेत.”

संयोगितानं ताट उचललं. “मी कुठं होते गं चार वर्षं?”

“तू घरात होतीस. मी होते, आजी होती.”

“व्हय,” संयोगिता म्हणाली. “तुझी आजी होती.”

तिनं नळ सोडला आणि ताट घासायला घेतलं. अनुजा आणखी काही बोलली असती, पण पाण्याचा आवाज चालूच राहिला आणि मग ती झोपायला गेली. लेकीला आपली बाजू समजावून सांगावी लागेल, हे संयोगिताच्या कधी मनात आलं नव्हतं. सांगायची तिला इच्छाही होईना.

रील सोमवारी आलं आणि बुधवारपर्यंत सगळ्या पाहुण्यांत फिरलं. फौंड्रीत लोक धैर्यशीलला “होला पावणं” म्हणून हाक मारायला लागले. संयोगिताला फोनवर फोन आले. चुलत जावेनं विचारलं, साडी कुठली घेतली. ग्रंथालयातल्या जुन्या मैत्रिणीनं लिहिलं, किती वर्षांनी तुला अशी गजरा-बिजरा माळलेली बघितली, दृष्ट काढून टाक. तिनं ते रील एकदाच पाहिलं. त्यात ती ताटलीकडं बघत होती आणि तिच्या खांद्यामागं त्याचा हात होता. लाजलीय असं कुणालाही वाटलं असतं.

पहिले आठ दिवस तिनं ठरवलं होतं की आजऱ्याला भावाकडं निघून जायचं. बॅगही काढून ठेवली. पण भावाला कारण सांगावं लागलं असतं. भाऊ कोल्हापूरला आला असता, चार माणसं बसली असती, आणि धैर्यशीलनं त्यांच्यापुढं त्या सपाट आवाजात काय काय सांगितलं असतं, हे तिला आत्ताच ऐकू येत होतं. कॉलेजातही ती जाऊन आली. तिच्या जागेवर तीन वर्षांपूर्वीच दुसरी बाई घेतली होती. ग्रंथपालांनी चहा दिला, रील बघितल्याचं सांगितलं. बॅग पुन्हा कपाटावर गेली. स्वयंपाक ती पूर्वीसारखाच करत राहिली. फक्त ताट त्याचं त्यानं वाढून घ्यायचं, एवढं तिनं सुरू केलं आणि तोही मुकाट्यानं घ्यायला लागला. एकदा आमटी चांगली झाल्याचं तो म्हणाला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. ती जेवणाच्या टेबलावरनं उठून गेली.

महिन्याभरानं पूर्णिमाचा फोन आला. पूर्णिमा धैर्यशीलची धाकटी बहीण. तिचा नवरा पन्हाळ्याला तहसील कचेरीत होता.

“वहिनी, दादाचं रील बघून आमची पोरं नुसती माझ्या जिवावर उठलीत. ह्या शनिवारी येतोय आम्ही चौघं. दादाला सांगून टेबल मिळंल न्हवं?”

“मिळंल की.”

“खरंच चांगलं हाय न्हवं जेवण? न्हाय, घाट उतरून यायचं म्हणून विचारतेय.”

संयोगिताच्या हातात निवडायची मेथी होती. “चांगलं हाय,” ती म्हणाली. “सगळंच चांगलं हाय तिथं.”

संध्याकाळी धैर्यशील आल्यावर तिनं त्याला निरोप दिला.

“तू येणार न्हवं?” त्यानं विचारलं.

“न्हाय.”

“अगं, ती सगळी येणार. पूर्णिमाला काय सांगू?”

“तुम्हाला सुचंल की काहीतरी.”

शनिवारी पाहुणे परस्पर हॉटेलवरच गेले. धैर्यशील आणि अनुजा इथून गेले. संयोगितानं दारं लावून घेतली, मऊ भात केला, दही घालून खाल्ला आणि आत्तीच्या खोलीतल्या पलंगावर बसून त्याच्या शर्टांच्या घड्या करायला घेतल्या. काम अर्ध्यावर असताना बाहेर गाड्या थांबल्याचा आवाज आला.

पूर्णिमा सगळ्यांच्या आधी आत आली. तिच्या हातात हॉटेलच्या नावाचा खोका होता. “वहिनी, तुमच्यासाठी टाको आणलाय. खरं तर आम्हाला काय एवढं आवडलं न्हाय, पण दादापुढं कसं बोलायचं?” तिनं खोका टेबलावर ठेवला आणि जवळ येऊन संयोगिताच्या कपाळाला हात लावला. “दादा म्हणाला, तुम्ही सकाळपास्नं तापानं फणफणलाय म्हणून. आता तर गार लागतंय.”

धैर्यशील तिच्या मागं दारात उभा होता. त्यानं चप्पल काढायला खाली बघितलं.

“व्हय,” संयोगिता म्हणाली. “आत्ताच उतरला.”